हात विकतचा असू दे, लगाम घरचा हवा

फेब्रुवारी ते मे या दिवसांत महाराष्ट्रातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या किंवा पॉलिटेक्निकच्या प्रोजेक्ट प्रदर्शनात शिरा, तो हात तुम्हाला भेटतोच. लेझरने कापलेल्या ॲक्रिलिकच्या पट्ट्या, त्यांत बसवलेल्या चार निळ्या सर्वो मोटरी, शेजारी अर्डुइनो उनोचा बोर्ड, त्याला लटकलेलं एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल आणि मोबाइलवर चार आडव्या पट्ट्या असलेलं एक ॲप. एक मुलगा मोबाइल धरून पट्ट्या सरकवतो, हात थरथरत खाली वाकतो, थर्मोकोलचा ठोकळा उचलतो आणि दुसरीकडे ठेवतो. पाहुणे टाळ्या वाजवतात. फोटो. पुढचा स्टॉल.

मला त्या हाताबद्दल तक्रार नाही. ॲक्रिलिकच्या पट्ट्या विकत आणल्या म्हणून कुणी लबाड ठरत नाही. पोळ्या करायच्या म्हणून कुणी गहू पेरायला जात नाही. माझं भांडण आहे ते त्या मोबाइलशी. नेमकं सांगायचं तर, हाताला हलवणारा जो भाग, ज्याला कंट्रोलर म्हणतात, तोही त्याच खोक्यातून आला याच्याशी. कारण या सगळ्या प्रकारात शिकण्यासारखं जे आहे ते जवळजवळ सगळं कंट्रोलरमध्ये आहे. तोच विकत आणला की उरतं ते स्क्रू पिळणं. स्क्रू पिळणं वाईट नाही, पण त्यासाठी चार वर्षांची फी भरायची गरज नाही.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. छंदासाठी, प्रोजेक्टसाठी, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी रोबोटचा हात घ्यायचा असेल तर बिनधास्त विकत घ्या. कंट्रोलर मात्र स्वतः बनवा. आणि जी व्यवस्था तुम्हाला तो बनवू देत नाही, तिला जाब विचारा.

पट्टी सरकवून काय कळतं?

ॲपमधली पट्टी काय करते? शून्य ते एकशेऐंशी यांतला एक आकडा पाठवते. 'शोल्डर' असं लिहिलेली पट्टी डावीकडून उजवीकडे जाते, हात मात्र वर-खाली होतो. तुमचा अंगठा आणि त्या हाताचा खांदा यांचं एकमेकांशी काही नातं नाही. सांधे चार, अंगठे दोन. म्हणून प्रदर्शनातला हात नेहमी कवायतीसारखा चालतो: आधी कंबर, थांब, मग खांदा, थांब, मग कोपर. घरात चहाचा कप असा उचलणारा माणूस दिसला तर आपण त्याला डॉक्टरकडे नेऊ.

आता दुसरा रस्ता बघा. विकतच्या हाताची एक छोटी प्रतिकृती करा. जाड पुठ्ठा चालतो, आईस्क्रीमच्या काड्या चालतात, जुन्या प्लास्टिकच्या फूटपट्टीचे तुकडे तर फारच छान. प्रत्येक सांध्यात मोटरऐवजी एक पोटेन्शिओमीटर बसवा. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तोच प्रकार, फक्त दुकानात मागताना 'बी-१०-के' मागा. आवाजाचे पॉट बहुतेक वेळा लॉगरिदमिक असतात आणि ते इथे घात करतात. पॉटच्या दोन टोकांना पाच व्होल्ट आणि ग्राउंड, मधला पाय बोर्डच्या ॲनालॉग पिनला. सांधा फिरवला की मधल्या पायावरचा व्होल्टेज बदलतो, बोर्ड तो ० ते १०२३ या आकड्यांत वाचतो, आणि त्या आकड्याचं कोनात रूपांतर करून सर्वोला पाठवतो. छोटा हात तुम्ही बोटांनी वाकवला की मोठा हात तसाच वाकतो. चारही सांधे एकदम. खर्च चार पॉट, हातभर वायर आणि एका संध्याकाळचा. प्रोग्रॅम विसेक ओळींचा.

पहिल्यांदा हे चालतं तेव्हा जो आनंद होतो त्याबद्दल मी लिहिणार नाही, तो तुमचा तुम्ही घ्या. मला त्यानंतरच्या गोष्टीत रस आहे. कारण चालल्यानंतर दोनच मिनिटांत तुमच्या लक्षात येतं की हे नीट चालत नाहीये.

पहिली गंमत टोकांची. पॉट साधारण पावणेतीनशे-तीनशे अंश फिरतो, तुमच्या पुठ्ठ्याचा कोपर जेमतेम एकशेऐंशी. म्हणजे बोर्डला ० ते १०२३ कधी दिसतच नाहीत. कुणाला १७० ते ८२० दिसतात, कुणाला २१० ते ८६०. यूट्यूबवरून उतरवलेल्या प्रोग्रॅममध्ये मात्र ० आणि १०२३ हेच आकडे असतात, त्यामुळे मोठा हात अर्ध्यातच थांबतो. मग कागद-पेन घेऊन बसावं लागतं. छोटा हात पूर्ण दुमडा, आकडा लिहा. पूर्ण ताठ करा, आकडा लिहा. चार सांध्यांचे आठ आकडे. याला कॅलिब्रेशन म्हणतात. हा शब्द परीक्षेत पाच मार्कांना येतो आणि पोरं त्याची व्याख्या धडाधड म्हणतात. आठ आकडे स्वतः लिहिलेला मुलगा व्याख्या कदाचित चुकवेल, पण पुढच्या कारखान्यात नवा सेन्सर आला की तो पहिल्यांदा दोन्ही टोकं मोजेल.

थरथर

दुसरी गोष्ट थरथर. हिच्यावर जरा रेंगाळतो, कारण माझ्या मते सगळा अभ्यासक्रम या थरथरीत आहे.

गेली काही वर्षं मी अशा प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जातो. एका ठिकाणी, नाव सांगण्यात अर्थ नाही, मी विचारलं, "हात थरथरतो का?" चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग गटप्रमुख म्हणाला, "सर, सर्वो तशाच असतात." शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या गाइड मॅडमनीही मान डोलावली. सर्वो तशाच असतात! पाऊस तसाच असतो, एसटी तशीच असते, सर्वो तशाच असतात.

सर्वो तशा नसतात. थरथरीला कारणं असतात, आणि ती एक-एक करून पकडता येतात.

एक कारण बोर्डच्या वाचनात आहे. उनो पाच व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक भाग पाच मिलिव्होल्टच्याही किंचित खाली. एवढा फरक वायरीजवळून हात नेला तरी पडतो. आकडा ५११ आणि ५१२ यांच्यामध्ये हिंदकळत राहतो. आता नेमक्या त्याच जागी ८९ अंश संपून ९० सुरू होत असतील, तर सर्वोला क्षणाक्षणाला '८९ वर जा', '९० वर जा' असे आलटूनपालटून हुकूम जातात. ती बिचारी दोन्ही पाळते. तिला आपण थरथर म्हणतो. उपाय दोन: पूर्ण अंशांत बोलणं सोडून मायक्रोसेकंदांत बोला, म्हणजे पायऱ्या बारीक होतात, आणि शेवटच्या दहा-वीस वाचनांची सरासरी घ्या.

सरासरी घेतली की थरथर जाते आणि नवं दुखणं येतं. हात आळशी होतो. तुम्ही छोटा हात झटकन फिरवता आणि मोठा मागाहून, आठवण झाल्यासारखा येतो. सरासरी कमी केली की चपळ होतो, पण पुन्हा थरथरतो. गुळगुळीत हवं की झटपट, दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. मित्रांनो, हा जो तिढा आहे ना, यावर जाडजूड पुस्तकं आहेत. तिसऱ्या वर्षाला कंट्रोल सिस्टिम नावाचा विषय असतो, त्यात फळ्यावर आलेख येतात, मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. ज्याने सरासरीचा आकडा पाचवरून वीसवर आणि वीसवरून आठवर आणताना हाताची चाल बदलताना पाहिली, त्याला तो आलेख दिसला की ओळखीचा वाटतो.

दुसरं कारण विजेत आहे आणि ते जास्त मजेशीर आहे. बहुतेक किटमध्ये सर्वोची लाल तार थेट बोर्डच्या पाच व्होल्टला जोडलेली असते आणि बोर्ड यूएसबीवर. उनोवर यूएसबीच्या वाटेत ५०० मिलिअँपिअरला तुटणारा फ्यूज आहे. चार सर्वो एकदम निघाल्या की त्याहून कितीतरी जास्त मागतात. व्होल्टेज खाली बसतो. व्होल्टेज बसला की पॉटचं वाचनही हलतं, वाचन हललं की सर्वोला चुकीचा हुकूम जातो, ती अजून करंट ओढते. कधी बोर्ड सरळ रीसेट होतो आणि हात धाडकन मधल्या स्थितीत येतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं प्रोग्रॅम चुकला. मुलं तीन दिवस प्रोग्रॅम बदलत बसतात. चौथ्या दिवशी कुणीतरी मल्टीमीटर लावतो आणि पाच व्होल्टच्या जागी काट्यावर चार दिसतात.

मग सर्वोसाठी वेगळा सप्लाय येतो. भंगारातल्या डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय मिळाला तर उत्तम. हिरवी तार काळीला जोडली की तो सुरू होतो आणि लाल तारेवर पाच व्होल्ट मिळतात, तेही भरपूर अँपिअरने. इतके भरपूर की चुकून शॉर्ट झाला तर वायर लाल होईल, म्हणून मध्ये फ्यूज घाला आणि डबा स्वतः कधी उघडू नका. सप्लाय वेगळा केल्यावर हात पूर्ण वेडा होतो, कारण दोन्हींचं ग्राउंड जोडायचं राहिलेलं असतं. सिग्नल म्हणजे दोन बिंदूंमधला फरक. दुसरा बिंदूच सामायिक नसेल तर फरक कशाचा? हे वाक्य पुस्तकात आहे. ग्राउंडची एक काळी तार जोडल्याबरोबर वेडा हात शहाणा होताना पाहणं पुस्तकात नाही.

तिसरं कारण वजन. निळी एसजी-९० सर्वो स्वतः नऊ ग्रॅमची, ४.८ व्होल्टवर तिचा कमाल जोर १.८ किलो-सेंटिमीटर, आणि तो अडकून थांबल्यावरचा. आता हिशेब करा. वीस सेंटिमीटर ताठ हाताच्या टोकाला पन्नास ग्रॅमची वस्तू: १ किलो-सेंटिमीटर. पंजा आणि त्याची मोटर धरून तीस ग्रॅम, सतरा सेंटिमीटरवर: ०.५१. कोपराची मोटर आणि पट्ट्या तीस ग्रॅम, नऊ सेंटिमीटरवर: ०.२७. बेरीज १.७८. खांद्याची मोटर संपली. म्हणून तर उचलायला थर्मोकोलचा ठोकळा असतो! दहावीतल्या मुलीला जमेल असा हा गुणाकार आहे, आणि मी आजवर पाहिलेल्या चकचकीत बाइंडिंगच्या रिपोर्टांत तो क्वचितच सापडतो. तिथे त्याऐवजी रोबोटिक्सचा इतिहास असतो, विकिपीडियाच्या भाषेत.

खेळणं नव्हे

"पण पुठ्ठ्याच्या हाताने खरा हात हलवणं हा पोरखेळ नाही का?" हा प्रश्न मला स्टाफरूममध्येही विचारला गेलाय, म्हणून थोडा इतिहास, विकिपीडियाच्या भाषेत नव्हे.

१९४०च्या दशकाच्या शेवटी शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांच्यापुढे अडचण होती की किरणोत्सारी पदार्थ हाताळायचे कसे. त्यांनी हातांची जोडी केली. जाड भिंतीच्या अलीकडे एक हात माणूस धरतो, पलीकडे दुसरा हात तेच करतो. सुरुवातीला मध्ये यांत्रिक जोडणी होती, १९५०च्या दशकात विजेच्या सर्वो आल्या. अशा जोडीच्या हातांशिवाय अणुऊर्जेचं काम पुढे सरकलं नसतं. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही ते वापरले गेले आणि तिथल्या अभियंत्यांनी ते स्वतः घडवले. तुमच्या पुठ्ठ्याच्या हाताचं घराणं हे आहे.

१९६१ साली जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबोट लागला. त्यालाही हात धरून शिकवायचे. एकेका जागी नेऊन ती जागा चुंबकीय ड्रमवर नोंदवायची. १९८४च्या सुमाराला टॉमी या जपानी कंपनीचं आर्माट्रॉन नावाचं खेळणं आलं. त्यात मोटर एकच होती! दोन दांड्या फिरवल्या की गिअरांच्या जंजाळातून त्याच एका मोटरची शक्ती हव्या त्या सांध्याकडे वळायची. खोलून बघितलं तर सगळं डोळ्यांना दिसायचं, चिप नावालाही नाही. जग्गूदादाच्या भाषेत, एकदम उघडा कारभार.

आणि आता आजचं. सध्या रोबोटला एआयने शिकवायचं जे वेड आहे, त्यात सगळ्यात मोठी टंचाई आहे ती माणसाने करून दाखवलेल्या हालचालींच्या नोंदींची. त्या नोंदी करायच्या कशा? २०२३ साली स्टॅनफर्डच्या गटाने अलोहा नावाची मांडणी दाखवली: छोटा हात माणूस हलवतो, मोठा हात नक्कल करतो, आणि ती नक्कल साठवली जाते. २०२४ मध्ये हगिंग फेससोबत एसओ-१०० हा थ्रीडी प्रिंटवर घरी बनवता येणारा हात आला, तोही जोडीनेच, एक पुढारी आणि एक अनुयायी. त्यातल्या पुढाऱ्याच्या मोटरींमधले गिअर चक्क काढून टाकतात, म्हणजे तो बोटाने हलका फिरतो आणि फक्त कोन सांगतो. म्हणजे पॉटचंच काम. ज्या गोष्टीला आपल्याकडे स्टाफरूममध्ये पोरखेळ म्हणतात, तिच्यावर जगातल्या नामांकित प्रयोगशाळा सध्या रात्री जागवत आहेत. ब्लूटूथच्या चार पट्ट्यांवर कोण जागतंय ते मला कुणी दाखवावं.

कपाटाची किल्ली

मुलांना दोष देणं सोपं आहे आणि ते मी करणार नाही. रिपोर्टासकट, पीपीटीसकट, व्हायवाच्या संभाव्य प्रश्नांसकट प्रोजेक्ट विकणारी दुकानं शहरोशहरी आहेत आणि ती काही हवेवर जगत नाहीत. त्यांना गिऱ्हाईक कोण पुरवतं? ज्या कॉलेजात लॅब पाच वाजता बंद होते, ज्या लॅबमधला ऑसिलोस्कोप फक्त तपासणी समिती आली की टेबलावर येतो, ज्या गाइडकडे एकाच वेळी आठ गट आहेत, त्या कॉलेजातला मुलगा दुकानात गेला तर मला त्याचा राग येत नाही. त्याने व्यवहारज्ञान दाखवलं एवढंच.

आणि पैसे नाहीत असंही नाही. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत २०१६ पासून शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान आहे. दहा हजार शाळांमध्ये या लॅब झाल्या, आणि २०२५च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. योजनेचा हेतू चांगला आहे आणि काही शाळांमध्ये फार सुंदर काम चालतं. मी पाहिलेल्या एका शाळेत मात्र रोबोट हाताची किट काचेच्या कपाटात ओळीने लावलेली होती, प्लास्टिकसुद्धा न काढलेली. किल्ली कुणाकडे? हेडसरांकडे. हेडसर कुठे? मीटिंगला.

या कपाटामागे दुष्टपणा नाही, रजिस्टर आहे. डेड स्टॉक रजिस्टर ज्याने पाहिलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. 'रोबोटिक आर्म किट, नग ५' ही नोंद ऑडिटरला समजते. वर्षाच्या शेवटी पाच मोजले, पाच भरले, सही. पण 'सर्वो मोटर नग २०, पैकी ७ विद्यार्थ्यांनी जाळल्या' ही नोंद कोण करणार? जळालेल्या सात मोटरींची वसुली शिक्षकाच्या पगारातून होईल अशी भीती असते. म्हणून शिक्षक किट मागवतो, कारण किट शाबूत राहू शकते. सुटे भाग वापरले की संपतात, आणि संपण्याला आपल्या कागदपत्रांत 'शिकणं' असा रकाना नाही. प्लास्टिकमधली किट हे यशस्वी खरेदीचं उदाहरण ठरतं, आणि सात जळालेल्या मोटरी हा गैरव्यवहार. माझ्या मते नेमकं उलट आहे. ज्या लॅबमध्ये वर्षभरात एकही सर्वो जळाली नाही, त्या लॅबची चौकशी व्हायला हवी.

हे वेगळ्या रीतीने करता येतं याचे दाखले आपल्याच मातीत आहेत. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकायचं या एकाच आग्रहावर. एमआयटीबाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक तिथे झाली, मुंबईत नाही. अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुकात बसून कचऱ्यातून किती खेळणी केली ती तुम्ही पाहिली असतील. म्हणजे परंपरेची कमतरता नाही. कमतरता आहे ती खर्चून संपलेल्या वस्तूवर निर्भयपणे सही करणाऱ्या माणसाची.

"पण..."

काही आक्षेप नेहमीचे आहेत. इंडस्ट्रीत पीएलसी असतो, पॉट कुणी वापरत नाही. बरोबर. पीएलसीलाही ॲनालॉग इनपुट असतो, त्यालाही टोकं मोजावी लागतात, त्याचंही ग्राउंड चुकतं. नावं बदलतात, दुखणी तीच.

एआय आता प्रोग्रॅम लिहून देतो, मग हे कशाला? जरूर लिहून घ्या. त्या वीस ओळींवर माझा जीव नाही. पण 'हात थरथरतो' एवढंच सांगितलंत तर तो तुम्हाला दहा शक्यता सांगेल, आणि त्यांतली तुमची कुठली हे फक्त तुमच्या टेबलावरचा मल्टीमीटर सांगेल. विचारायलाही आधी मोजावं लागतं. 'चारही सर्वो निघताना पाचचे चार व्होल्ट होतात' असं विचारणाऱ्याला एआय उपयोगी पडतो. 'चालत नाही' असं विचारणाऱ्याला तो निबंध देतो.

तिसरा आक्षेप आक्षेप नसून कौतुक असतं, आणि मला तेच जास्त टोचतं. "वा, काय जुगाड केलाय!" नाही हो, हा जुगाड नाही. जुगाड चालला की संपतो. कसा चालला, उद्या चालेल का, दुसऱ्याला दुरुस्त करता येईल का, हे जुगाड विचारत नाही. घरचा कंट्रोलर पुठ्ठ्याचा असला तरी त्याचं सर्किट कागदावर हवं, वायरींना खुणा हव्यात, ओढल्या तर सांध्यातून निघू नयेत म्हणून केबल टाय हवा. आणि सप्लाय तोडणारं एक मोठं बटण, हाताला सहज लागेल असं. चालू करताना मोठा हात थेट छोट्याच्या स्थितीवर झेपावतो. मेटल गिअरच्या मोठ्या सर्वो असतील तर त्या झेपेत बोट सापडलं तर रक्त निघतं. म्हणून सुरुवातीचे दोन सेकंद हळूहळू जागेवर नेणारा प्रोग्रॅम लिहावा लागतो. गरिबीचं कौतुक करून या गोष्टी टाळता येत नाहीत. ग्रामीण भागातली मुलं जुगाडू असतात असं म्हणणाऱ्यांनी आधी त्यांच्या कॉलेजला बरा मल्टीमीटर द्यावा.

परीक्षकांनाही एक सांगायचं आहे, म्हणजे मलाच धरून. रिपोर्ट उघडूच नका. स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा. गटाला दोन मिनिटं बाहेर पाठवा, एका पॉटच्या दोन टोकांच्या तारा अदलाबदल करा आणि मग त्यांना आत बोलवा. सांधा उलटा फिरायला लागेल. ज्यांनी स्वतः बनवलंय ते हसतील आणि अर्ध्या मिनिटात एक तर तारा बदलतील किंवा प्रोग्रॅममधले दोन आकडे उलटे करतील. ज्यांनी दुकानातून आणलंय ते फोन काढतील. मार्क द्यायला यापलीकडे काही लागत नाही. जळालेल्या भागांची यादी प्रोजेक्टच्या वहीत तारखांसह मागा, आणि तिला दहा मार्क ठेवा.

ज्यांचं एवढं सगळं करून झालंय आणि हात गुळगुळीत चालतोय, त्यांच्यासाठी एक पुढचं काम. तुमचा मोठा हात कशाला तरी अडला तर छोट्या हाताला ते कळत नाही. गोर्ट्झ यांच्या विजेवरच्या हातांत पलीकडचा अडथळा अलीकडच्या बोटांना जाणवायचा. तुमच्यात नाही, कारण निळ्या सर्वोतून बाहेर येणाऱ्या तीन तारांपैकी एकही परत काही सांगत नाही. पण सर्वोच्या पोटात एक छोटा पॉट असतोच, त्यावरूनच ती आपला कोन ओळखते. मागचे चार स्क्रू काढा. त्या पॉटच्या मधल्या पायाला सोल्डरने एक बारीक तार जोडा आणि बाजूला खाच करून बाहेर काढा. ही चौथी तार बोर्डच्या रिकाम्या ॲनालॉग पिनला लावली की, तुम्ही सांगितलेला कोन आणि सर्वो खरोखर जिथे आहे तो कोन, असे दोन आकडे स्क्रीनवर शेजारी-शेजारी दिसतील. पंजात एखादी बाटली धरा आणि पाहा, ते कुठे वेगळे व्हायला लागतात.